लाल टेबलाचा चहा

मालेगाव, जि. वाशिम
१६ जून २०२४

चि. पल्लवी,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुया ऑफिसच्या पत्त्यावर टाकून राह्यली. घरी टाकलं असतं तं तुया सासूच्या हाती पडलं असतं, अन मंग तुले काय काय सांगा लागलं असतं. तेवढं मले समजते. तुया फोनवर माया नंबर लागत नाई. रामधन मामाचा लागते, पण मामा म्हणते, "अक्का, पोरगी नाई म्हणते तं मी तरी काय करू?" त्याले तरी मधात कायले टाकू? तुया लग्नात बापाच्या जागी तोच उभा राह्यला. मी आजारी हाय, येत नाई, म्हणून तुया सासरच्याईले बी त्यानंच सांगतलं. एवढं पुरे त्याच्यासाठी.

तीन वर्सं झाले. भांडाले लिहून राह्यली नाई. तुया भाऊ मांग लागला म्हणून लिहून राह्यली. रोज म्हणते, "ताईले सांगतलं का? ताईले सांग ना." तं सांगते. प्रसेनजितले काम शिकाले भेटून राह्यलं. वाशिमले एक कर्मशाळा हाय, त्याच्यासारख्या मोठ्या पोट्ट्याईसाठी. तिथी त्याचं नाव लागलं.

अठरा वर्षांचा झाला अन त्याची शाळा सुटली, तवा तू घरीच होती. मंग तू नागपूरले गेली. मी अंगणवाडीत मदतनीस, सकाळी लेकरं गोळा करा लागते, खिचडी शिजवा लागते. पह्यले त्याले संग नेत होती. तो लेकराईत बसे, गाणे म्हणे, लेकरं बी खुश. पण त्याले दाढी-मिशी आली अन एका बाईनं मले रस्त्यात थांबवलं. म्हणे, "भागिरथाबाई, एवढा घोडा पोट्टा आमच्या पोरीईत कायले बसवता?" दुसऱ्या दिवसापासून त्याले घरी ठेवलं, बाहेरून कडी लावून. तो खिडकीत उभा राहे. जाणाऱ्या-येणाऱ्याले आवाज दे, "या, बसा." कोणी बसे नाई.

असाच एक दिवस रत्नमाला मॅडमले त्यानं आवाज देल्ला. त्या कर्मशाळेत शिकवते, घरोघरी असले पोट्टे पाहत फिरत होत्या. मी तितक्यात अंगणवाडीतून आली. कडी काढता काढता लाजेनं मेली. मॅडमनं कडीबद्दल एक शब्द काढला नाई. विचारलं, "याले काय काय येते?"

मी म्हटलं, "मॅडम, त्याले बुशर्टाच्या गुंड्या बी लावता येत नाई."

"कोण लावून देते?"

"मीच."

"मंग उद्यापासून खालची एक त्याले लावू द्या. बाकीच्या तुमी लावा."

आता तो दोन लावते. खालच्या दोन. वरच्या अजून वाकड्या जाते.

तुयाकडून काई पायजे नाई, बाई. त्यानं सांगाले लावलं, मी सांगतलं. तब्येत सांभाळजो.

तुयी आई


मालेगाव
२२ सप्टेंबर २०२४

पल्लवी,
जयभीम.

तुयं उत्तर आलं नाई. पोस्टात विचारलं, पोस्टमन म्हणे पोचलं असन. पोचलंच असन मंग.

प्रसेनजित आता वाशिमले एकटा जाते. वाच पुन्हा, एकटा. मले बी पह्यल्यांदा खरं वाटलं नाई. मॅडमनं सांगतलं होतं, आधी काई दिवस बाजूले बसा, मंग मांगच्या सीटवर बसा, मंग येऊच नका. मांगच्या सीटवर बसाचं तवा मी डोक्यावरून पदर घेतला, त्यानं ओळखू नये म्हणून. कंडक्टर आला. यानं पास दाखवला अन मोठ्यानं सांगतलं, "वाशिम. बस स्टँड." गाडीतले दोघं-तिघं हासले. यानं त्याईच्याकडे पाहून हात जोडले. वाशिम आलं, तो उतरला, अन मांगं पाह्यलंच नाई. सरळ चालत गेला, डबा छातीशी धरून. मी गाडीतच बसून राह्यली. कंडक्टर म्हणे, "बाई, उतराचं नाई का?"

तिथी पह्यले त्याले कागदाचे पाकिटं कराले बसवलं. मंग मेणबत्त्या. ते काई जमलं नाई, बारीक काम हाय, त्याचे बोटं जाडे. मॅडमनं मंग त्याले सैपाकघरात नेलं. तीन घमेले. एकात साबणाचं पाणी, दोनात साधं. गिलास ह्या घमेल्यातून त्या घमेल्यात, मंग पालथा. एक काम नीट आलं की मंगच दुसरं सांगाचं, अशी त्याईची रीत हाय. गिलास झाले, मंग कपबशी, मंग कपडा मारणं, मंग ट्रे उचलणं. रिकामा ट्रे. मंग पाण्याचे गिलास ठेवून. माया सगळ्या घरभर पाणी सांडलं ह्या पावसाळ्यात. तो अंगणात चकरा मारे अन मी खाटेवर गिऱ्हाईक होऊन बसे.

एकच गोष्ट जड गेली. तुले त्याची सवय माहीत हाय, माणूस दिसला की गळ्यात पडाचं. लहानपणी लोकं कौतुक करे. आता चोवीसच्या पोट्ट्यानं बाईमाणसाच्या गळ्यात हात टाकला तं मार खाईन. मॅडमनं त्याले समोर बसवून सांगतलं, "कामावर कोणाच्याच गळ्यात पडाचं नाई. हात जोडाचे. 'या, बसा' म्हणाचं. बस." तो रडला. घरी येऊन मले म्हणे, "आईच्या बी नाई?"

मी म्हटलं, "आईच्या घरी पडाचं. कामावर नाई."

"ताईच्या?"

"ताईच्या बी तसंच."

महिनाभर गेला त्याच्यात. शेजारची बाई आली की ह्याचे हात उचलले जाये, मंग ध्यानात ये, मंग दोन्ही हात जोडले जाये. पण शिकला. आता चुकत नाई.

तुया लहानपणीचा पिवळा फ्रॉक आठवते का? तू शाळेतून आली की तो तुया पोटाले चिपके अन त्याच्या तोंडाचं सगळं त्या फ्रॉकले लागे. तू कवाच रागावली नाई. मी रागावत होती. तू म्हणे, "राहू दे ना आई, धुतलं की जाते." मले ते आठवते अन मंग तुयं लग्न आठवते, अन दोन्ही एकाच पोरीचं हाय हे मले जुळवता येत नाई.

जाऊ दे. लिहाचं नव्हतं हे.

तुयी आई


मालेगाव
१९ जानेवारी २०२५

पल्लवी,
जयभीम.

तुया भाऊ नोकरीले लागला!

हायवेवर हरीओमचं हॉटेल हाय, गावातून मेहकरकडे निघालं की डाव्या हाताले, मोठ्या लिंबाखाली, निळ्या पाटीचं. रत्नमाला मॅडम स्वतः तिथी जाऊन बसल्या होत्या. हरीओम पह्यले नाई म्हणत होता. म्हणे, "मॅडम, गर्दीच्या टायमाले मी याले सांभाळू का गिऱ्हाईकाले?" मॅडम म्हणाल्या, "आठ दिवस मी सोबत उभी राहते. नाई जमलं तं मीच घेऊन जाईन." अन उभ्या राह्यल्या बरं त्या, आलूबोंड्याच्या कढईच्या बाजूले, घाम पुसत.

त्याले आकडे समजत नाई तं मॅडमनं टेबलं रंगवून घेतले. लाल, पिवळं, हिरवं, निळं. हरीओम आवाज देते, "लालवर दोन चहा!" अन हा जाते लालवर. पैशाले हात लावाचा नाई, ते हरीओम पाहते. चहा नेणं, पाणी देणं, टेबल पुसणं, कपबशी धुणं, एवढं याचं. अन "या, बसा." ते तं याचं लहानपणापासूनच हाय. ड्रायव्हर लोकं मुद्दाम थांबते म्हणे ते ऐकाले. हरिसिंग म्हणून एक जीपवाला हाय, तो रोज विचारते, "साहेब, बसू का?" अन हा त्याले सांगते, "बसा ना, तुमचंच हाटेल हाय."

पह्यल्या दिवशी आला तं हातात पेपरात गुंडाळलेले दोन आलूबोंडे. हरीओमनं त्याले खाले देल्ले होते. एक मले देल्ला, एक फडताळात ठेवला. मी म्हटलं, "हा कोणाचा?" तं म्हणे, "ताईचा." दुसऱ्या दिवशी तो आंबला तवा मी त्याच्या चोरून गाईले टाकला. त्यानं विचारलं. मी म्हटलं, ताईनं खाल्ला. खोटं बोलली. तुयासाठी किती खोटं बोलली असन ह्या तीन-साडेतीन वर्सांत, मले बी मोजता येत नाई.

कवा ह्या रस्त्यानं जाणं झालं तं थांबजो. त्याले पांढरा शर्ट देल्ला हाय हरीओमनं. गुंड्या सगळ्या त्यानंच लावलेल्या असतीन.

आई


मालेगाव
६ मार्च २०२५

पल्लवी,

परवा तू आली होती.

प्रसेनजित संध्याकाळी घरी आला तं दारातूनच वरडला, "आई, ताई आली होती! हाटेलात! लाल टेबलावर!" मले वाटलं कोणी दुसरी असन. मी म्हटलं, कशी होती? म्हणे, "ताईसारखी." मंग त्यानं सगळं सांगतलं, त्याच्या पद्धतीनं, मांगचं पुढं अन पुढचं मांगं. पांढरी गाडी. एक बुडा, एक बुडी, एक भाऊ चष्म्याचा, अन ताई. ताईची साडी हिरवी. ताईनं काळा चष्मा घातला, सावलीत.

मी विचारलं, "मंग ताई काय म्हणाली?"

"चहा म्हणाली."

"तुयाशी बोलली नाई?"

"बोलली ना. म्हणे, अजून एक चहा."

"मंग तू काय केलं?"

तो ताठ उभा राह्यला, पल्लवी. जसा मॅडमसमोर उभा राहते तसा. अन म्हणे, "मी हात नाई लावला. हात जोडले. या बसा म्हटलं. चहा सांडला नाई. ताईनं पाह्यलं. आता ताई घरी येईन." मंग मले विचारलं, "बरोबर केलं ना मी?"

मी म्हटलं, "बरोबर केलं बापा. एकदम बरोबर."

तो जेवला नाई. तू येशीन म्हणून तुयासंग जेवाचं होतं त्याले.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेली. हरीओमले खोदून खोदून विचारलं. त्याले काय माहीत तू कोण ते. त्यानं सरळ सांगून टाकलं. म्हणे, "काकू, नागपूरची गाडी होती. म्हातारी जरा तेज होती. हा चहा ठेवत होता तं म्हणे, 'असे पण लोक ठेवता का तुम्ही? हात-बित धुते का हा?' मी म्हटलं, मावशी, माया हाटेलात याच्याइतके साफ हात कोणाचे नाई." मी विचारलं, ते पोरगी काय म्हणाली? तो म्हणे, "काई नाई. खाली पाहत होती. मंग सगळे गाडीकडे निघाले अन ते परत बसली. म्हणे, अजून एक चहा. मी म्हटलं दुसऱ्याच्या हाती पाठवतो, तं म्हणे, नाई, त्यालाच पाठवा."

त्यालाच पाठवा.

कालपासून मी ह्या दोन शब्दाईले धरून बसली हाय. मायं पत्र तू वाचलं होतं का? निळी पाटी, डाव्या हाताले, मोठं लिंब. वाचून तूच गाडी थांबवली होती का तिथी? का त्या बुडीले तहान लागली अन गाडी जिथी थांबली तिथी थांबली? तू त्याले पाहाले आली होती असं म्हणावं तं तू त्याले पाह्यलं अन उठून गेली. नव्हती आली म्हणावं तं दुसरा चहा कायले मागतला? मी दोन्हीकडून पाहते, मले दोन्हीकडून सारखंच लागते.

त्यानं कप तुया समोर ठेवला तवा त्याचा हात तुया हातापासून किती दूर असन? तेवढ्याशानं काय झालं असतं, पल्लवी? सासू बोलली असती. नवरा दोन दिवस रुसला असता. तू शिकेल-सवरेल, स्वतःच्या पायावर उभी हायेस. तुले घराबाहेर काढलं असतं का? काढलं असतं तं मायं घर होतं ना.

मले तुले शिव्या द्याच्या होत्या. कागद घेतला अन एक बी आठवली नाई.

आई


मालेगाव
११ मे २०२५

पल्लवी,

हे मी तुले दोष द्याले लिहत नाई. जे झालं ते तुले माहीत असावं म्हणून लिहून राह्यली.

प्रसेनजितची नोकरी सुटली.

तू गेल्यावर त्यानं हॉटेलात सगळ्याईले सांगतलं, माई ताई आली होती. दोन-चार दिवस लोकं हो म्हणत गेले. मंग कोणीतरी म्हटलं, "अबे, तुयी ताई असती तं तुयाशी बोलली नसती का?" सगळे हासले. हरिसिंग बी हासला. वाईट मनाचा माणूस नाई तो, हासण्यात हासला. यानं ट्रे खाली ठेवला अन म्हणे, "बोलली. अजून एक चहा म्हणाली." ते ऐकून अजूनच हासले.

त्या दिवसापासून तो रस्त्याकडे पाहाले लागला. पांढरी गाडी दिसली की हातातलं काम टाकून धावे. पांढऱ्या गाड्या किती असते वो ह्या रस्त्यानं! हरीओमनं समजावलं. मॅडम वाशिमहून येऊन समजावून गेल्या, पुन्हा आठ दिवस सोबत उभ्या राह्यल्या. त्या हाय तवरक ठीक. त्या गेल्या की पुन्हा तेच. चैत्रातल्या एका दुपारी गाडी थांबली नाई, पुढं निघाली, अन हा तिच्या मांगं, हातात चहाची किटली, हायवेच्या मधोमध. समोरून ट्रक. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आज मी हे लिहून राह्यली. किटली पायावर सांडली, फोड आले. आता बरे हाय.

हरीओम स्वतः त्याले गाडीवर घेऊन घरी आला. बराच वेळ बसला, पाणी प्याला. मंग म्हणे, "काकू, काम तो चांगलं करते. माया सगळ्या पोट्ट्याईत चांगलं करते. पण मायी छाती धडधडते. उद्या काई झालं तं मी तुमाले तोंड कसं दाखवू?" त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मी म्हटलं, "तुमी केलं तेवढं कोणी करत नाई, भाऊ."

आता तो सकाळी उठते, पांढरा शर्ट घालते, गुंड्या लावते, खाटेवर बसते. मी म्हणते, "बापा, आज सुट्टी हाय." तो म्हणते, "हो, सुट्टी." अन शर्ट काढत नाई. अंगणवाडीत जाताना मी कडी लावत नाई आता. लावली तरी अन नाई लावली तरी तो कुठी जात नाई. खिडकीत बी उभा राहत नाई. समोरून लोकं जाते, तो कोणाले "या, बसा" म्हणत नाई.

सात-आठ महिने लागले होते, बाई, त्याले त्या कडीतून बाहेर काढाले.

आई


मालेगाव
२८ सप्टेंबर २०२५

पल्लवी,
जयभीम.

तुया निरोप भेटला. गेल्या महिन्यात रामधन मामाचा कामरगाववरून फोन आला. मी कणीक मळत होती, हात भरलेले, म्हणून फोन मोठ्या आवाजावर टाकून पाटावर ठेवला. मामा म्हणे, "अक्का, पल्लवीनं सांगतलं का ऑफिसात पत्र पाठवू नका म्हणा. लोकं विचारते." मंग म्हणे, "तिले दिवस गेले हाय. पाचवा लागला."

मले आधी दिवस गेल्याचंच ऐकू आलं, पत्राचं मांगून ऐकू आलं. मंग मी विचारलं, "रामधन, तिच्या घरी अजून माहीत नाई का, तिले भाऊ हाय म्हणून?" मामा म्हणे, "नाई अक्का. एकुलती एक म्हणूनच सांगतलं होतं लग्नाच्या टायमाले. आता ह्या दिवसात तं ते बोलूच शकत नाई. तिच्या सासूनं काईबाई डोक्यात घेतलं तं?"

प्रसेनजित बाजूलेच बसून लसूण सोलत होता. त्यानं वर पाह्यलं नाई. मले वाटलं त्याच्या ध्यानात आलं नसन.

पल्लवी, तू कशाले भीत असशीन ते मले समजलं. तं हे नीट वाच. तुया भावाच्या टायमाले मायं बाळंतपण अडलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, तो जन्मल्यावर लवकर रडला नाई, निळा पडला होता. अकोल्याच्या डॉक्टरनं तुया बाबाले अन मले समोर बसवून सांगतलं होतं, श्वास अडकल्यानं झालं हे, रक्तातलं नाई. तुया डॉक्टरले बी विचारजो, एकटीनं जाऊन विचार. अन कळा सुरू झाल्या की घरी थांबजो नको, सरळ दवाखान्यात जाजो. लाज नको, घाई कर. बाकी माया हातात आता काय हाय?

प्रसेनजितले पुन्हा काम भेटलं. रत्नमाला मॅडमनं हात सोडला नाई त्याचा. पोळ्यापासून पुन्हा कर्मशाळेत नेलं, पुन्हा पह्यल्यापासून सुरू केलं. आता वाशिमले एका वसतिगृहाच्या सैपाकघरात लागला. आत हाय, रस्ता दिसत नाई. ताटं धुते, रचून ठेवते. लोकाईसमोर जा लागत नाई. चांगलं करते म्हणते तिथले. मॅडम खुश हाय, मी बी खुश हाय. पण तो बोलत नाई पह्यल्यासारखा.

काल पह्यला आठवडा झाला म्हणून मी त्याले घ्याले गेली होती. तिथी गोमतीबाई म्हणून सैपाकीण हाय, मायाळू बाई. मी दाराशी उभी होती, तिनं मले पाह्यलं नव्हतं. ते त्याले विचारत होती, "कारे बापू, घरी कोण कोण हाय तुया?"

तो म्हणाला, "मी अन आई."

"भाऊ-बहीण?"

"नाई."

ज्या पोट्ट्यानं रस्त्यातल्या माणसाले थांबवून ताई सांगतली, तो नाई म्हणते?

बसमध्ये मी त्याच्या बाजूले बसली. जरा वेळानं म्हटलं, "प्रसेनजित, तुले ताई नाई का?"

तो खिडकीबाहेर पाहत होता. मंग माया कानाजवळ तोंड आणलं अन हळू म्हणे, "हाय. पण सांगाचं नाई. ताईच्या घरी माहीत नाई ना."

"तुले कोणं सांगतलं?"

"मामा फोनवर म्हणे. तू बी सांगू नको कोणाले."

मी म्हटलं, "राग आला का तुले ताईचा?"

त्यानं मान हलवली. "नाई. ताईले भेव वाटते. हाटेलात बी वाटत होतं. कप असा असा हाले." अन त्यानं त्याचा हात पुढं करून, थरथर करून मले दाखवला.

एवढे दिवस मी समजत होती का त्याले काई समजलं नाई. तो फक्त मॅडमनं शिकवलेलं करत उभा होता, असं मले वाटत होतं. तेवढ्यावर मी रडत होती. त्यानं तुया हात पाह्यला होता, पल्लवी. त्याच दिवशी, त्याच घडीले.

मी विचारलं, "मंग तू गाड्याईच्या मांगं काहून पळत होता?"

"ताईले सांगाले."

"काय सांगाले?"

गाडीत गर्दी होती, कंडक्टर तिकिटं फाडत होता. मंग म्हणे, "भेऊ नको म्हणून."

हा त्याचा निरोप हाय. त्याले तुयापर्यंत आणता आला नाई, म्हणून मी लिहून देल्ला. ह्याच्यापुढं मायं पत्र येणार नाई.

आई